बिनमान्यतेचे मास्तर

शालूला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी तिचं नाव विचारलं नाही, वयही विचारलं नाही. चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "परतीचं किती वाजता?"

मला कळेना. "कसलं परतीचं?"

"हिला न्यायला केव्हा येणार? वेळ सांगितल्याशिवाय मी कुणालाही चढवून घेत नाही."

"शाळा पाचला सुटते. सव्वापाचपर्यंत येईन."

"सव्वापाच म्हणजे सव्वापाच. पोर दाराकडे बघायला लागलं की उशीर झाला असं समजायचं."

मग भिंतीवरच्या खिळ्यावरून त्यांनी पितळेचे दोन बिल्ले काढले. दोन्हींवर सतरा आकडा होता. एक सुतळीत ओवून शालूच्या गळ्यात घातला, दुसरा माझ्या हातात ठेवला. "हा हरवला तर मुलगी मिळणार नाही," म्हणाले. हे हसून म्हणायला हवं होतं, पण ते हसले नाहीत. शालूने तोवर आपला बिल्ला तोंडात घालून पाहिला होता आणि तिला तो आवडलाही होता.

पनवेलला सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. ते मास्तर होते ते बंदरावरच्या लाँचच्या तिकीटघरातले. रेल्वे अजून पनवेलला यायची होती, आणि मुंबईला माल न्यायचा तर खाडीतून जाणं बऱ्याच जणांना सोयीचं पडे. भाजीच्या, सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन बायका पहाटेपासून बंदरावर येत. ओहोटीच्या वेळी धक्क्यापासून लाँचपर्यंत चिखलावर फळी टाकलेली असे. डोक्यावर टोपली, कडेवर मूल आणि पायाखाली ती हलती फळी. एकदा एक बाई घसरता घसरता वाचली, तेव्हा मास्तर खिडकीतून ओरडले, "टोपली ने, पोर इथे ठेव! संध्याकाळच्या लाँचने येशील तेव्हा घेऊन जा." ते पहिलं मूल. वर्षभरात तिकीटघरात तिकिटांपेक्षा मुलं जास्त झाली, असं लोक सांगत.

पुढे मोटारगाड्या वाढल्या, लाँचचं गिऱ्हाईक कमी झालं आणि मास्तरही निवृत्त झाले. सामानाला लावायचे पितळी बिल्ले कंपनीने टाकून दिले होते, ते त्यांनी पेटीत भरून घरी आणले. घर बंदराच्या रस्त्यावरच. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा पीत बसले होते, तर ओटीवर चार बायका चार मुलं घेऊन उभ्या. "तिकीटघर बंद हाय म्हनून आमी हिकडंच आलो," त्यातली एक म्हणाली. मास्तरांनी कप खाली ठेवला, आत जाऊन काळा कोट घालून आले आणि बिल्ल्यांची पेटी उघडली.

तो कोट त्यांनी पुढे कधी उतरवला नाही. धोतरावर काळा कोट, पितळी बटणं, वैशाख असो की श्रावण. मांडीवर मूल मुतलं तरी कोट काढत नसत, ओल्या फडक्याने पुसत. "कोट नसला तर मी नुसता म्हातारा. नुसत्या म्हाताऱ्याचं पोरं ऐकत नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची दुसरी ठाम समजूत अशी की लहान मूल ओहोटीला झोपतं आणि भरतीला उठतं. त्यांच्याकडची झोपेची वेळ म्हणून रोज बदलत असे. आज साडेअकराला, उद्या सव्वाबाराला, असं करत करत कधी दुपारी तीनला. मी एकदा म्हटलं, "मास्तर, मुलांना ठरावीक वेळेची सवय लागलेली बरी असते."

"समुद्राला नाही का सवय?" ते म्हणाले. "त्याचं काय बिघडलंय?"

शालू घरीही हेच सांगू लागली. जेवणाचं ताट समोर आलं की म्हणायची, "आत्ता नको. भरती नाही झाली."

बिल्ल्याच्या नियमाला अपवाद नव्हता. माझे यजमान पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. एकदा ते अचानक लवकर परतले आणि लेकीला आणायला परस्पर मास्तरांकडे गेले. मास्तरांनी हात पुढे केला, "बिल्ला?"

"अहो, मी तिचा बाप आहे."

"असाल. मी कुठे नाही म्हणतोय? बिल्ला?"

शालू आतून "बाबा, बाबा" म्हणून नाचत होती. मास्तर म्हणाले, "ती ओळखतेय हे दिसतंय मला. पण ती केळेवाल्यालाही ओळखते." यजमान सव्वापाचपर्यंत ओटीच्या पायरीवर बसून राहिले. मी आले तेव्हा फार तापले होते. जेवताना मात्र म्हणाले, "माणूस विक्षिप्त आहे, पण पोरगी तिथेच राहू दे."

मी मास्तरांकडे का गेले ते सांगायला हवं, कारण गावात दुसरी सोय होती, आणि ती सरकारमान्य होती. गणपतीच्या देवळापलीकडे एक बालमंदिर होतं. रंगवलेल्या खुर्च्या, खडूंचे डबे, भिंतीवर मोराचं चित्र आणि त्याहून ठळक दिसेल असा चौकटीतला मान्यतेचा कागद. तिथे शिकलेल्या बाई गाणी शिकवत. पण तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय मूल घेत नसत, आणि अकराला उघडून दोनला बंद होई. माझी शाळा अकरा ते पाच, शालू सव्वादोन वर्षांची. सासूबाई वारलेल्या, आई लांब पेणला. म्हणजे मान्यता असलेली जागा मला नको होती असं नाही. त्या जागेला मी नको होते.

आणखी एक अडचण होती. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू, त्याच बालमंदिराच्या समितीच्या अध्यक्षा. शिस्तीच्या, मनाने वाईट नव्हत्या. पण मास्तरांचं नाव निघालं की त्यांचा आवाज चढे. "तो बंदरावरचा कोंडवाडा! ना शिक्षण, ना परवाना. अशा ठिकाणी पोर टाकणाऱ्या आयांना मी आया म्हणणार नाही." हे त्या शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या तेव्हा माझ्या पर्समध्ये सतरा नंबरचा बिल्ला होता. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. मी मुकाट्याने वह्या तपासत राहिले.

असे आठ महिने गेले. मग मोठ्या बाईंनी अलिबागच्या जिल्हा कचेरीत अर्ज केला की पनवेलमध्ये बिनपरवान्याने मुलं ठेवली जातात, याची तपासणी व्हावी. तिकडून एक तपासनीस बाई येणार असं ठरलं. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलं आहे. अहवाल लिहून घ्यायला तुम्ही चला."

संध्याकाळी मी मास्तरांना सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "उद्या मला ओळख दाखवू नका."

"मी कुणालाच ओळखत नाही. बिल्ला ओळखतो."

"पण शालूला उद्या कुठे ठेवू?" हे विचारलं आणि माझं मलाच हसू आलं. ठेवायला दुसरी जागा असती तर हा प्रश्नच कशाला आला असता! शेवटी शेजारच्या खातूनबींनी तिला त्यांच्या घरात ठेवून घ्यायचं ठरलं. खातूनबी रोज मुलांसाठी पेज करून द्यायच्या. "फिकर नको करू बाय," त्या म्हणाल्या, "माझे दाराला कडी हाय."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही तिघी ओटीवर पोहोचलो. तपासनीस बाई चाळिशीच्या, खादीची साडी, कमी बोलणाऱ्या. मास्तर कोटात उभे.

"मुलं किती?"

"एकोणीस चढलीत. एकाला ताप होता म्हणून उतरवला."

"वेळापत्रक?"

मास्तरांनी भिंतीवरचा कागद काढून दिला. तपासनीस बाईंनी तो सुलटा केला, उलटा केला. "ही तर भरती-ओहोटीची वेळ आहे."

"तेच. आज साडेअकराला झोप."

"आणि मुलं झोपतात?"

"थांबा ना साडेअकरापर्यंत."

त्या खरंच थांबल्या. साडेअकराला मास्तरांनी लाँचची जुनी घंटा एकदाच, हलकेच वाजवली. मुलं धावत आली आणि आपापल्या गोणपाटावर आडवी झाली. एकोणीस मुलं मी मोजली. मग परसदारातून विसावं आलं. खातूनबींच्या दाराला कडी होती, पण खिडकीला नव्हती. शालू कुणाकडेही न पाहता आपल्या जागेवर, तिसऱ्या गोणपाटावर जाऊन झोपली. माझा टाक कागदावर तसाच थांबला आणि शाईचा ठिपका पसरत गेला.

दहा मिनिटांत सगळीकडे चिडीचूप. ओहोटीचा प्रताप होता की सकाळपासूनच्या धावपळीचा, कोण जाणे. तपासनीस बाईंच्या चेहऱ्यावर कौतुक दिसायला लागलं होतं, तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "इतकी मुलं इतक्या पटकन झोपतात? मला तर हा अफूचा प्रकार वाटतो."

तेव्हा हे अगदीच अशक्य नव्हतं. कामाला जाणाऱ्या बायका पोराला राईएवढी अफू चाटवून जातात, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पण मास्तरांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पडलेला. कोटाच्या बटणाशी त्यांची बोटं नुसती चाळा करत राहिली. मला ते पाहवलं नाही.

"अफू नाही देत," मी म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?" मोठ्या बाई वळल्या.

"ती तिसरी झोपलीय ना, ती माझी मुलगी आहे. आठ महिने इथेच असते."

माझ्या आवाजाने शालूने एक डोळा उघडला. "आई, तू लवकर आलीस," ती म्हणाली. "अजून ओहोटी आहे." आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

तपासनीस बाईंना हसू आवरेना. मोठ्या बाई मात्र ओटीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. बालमंदिर असताना इथे का, असं तपासनीस बाईंनी मला विचारलं. मी वय सांगितलं, वेळ सांगितली. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "आता इथे वाईट काय आहे ते सांगा. आई म्हणून सांगा."

मास्तर माझ्याकडे पाहत होते. आता मी त्यांच्या बाजूने बोलणार अशी त्यांची खात्री होती. पण आठ महिने जे माझ्या मनात रोज येत होतं तेच तोंडून निघालं. "मागची विहीर उघडी आहे. आणि मास्तर एकटे आहेत. वीस मुलं एका माणसाच्या नजरेत मावत नाहीत."

"बत्तीस वर्षांत माझा एकही प्रवासी पाण्यात पडला नाही!" मास्तर कडाडले. दोन-तीन मुलं जागी होऊन रडायला लागली.

तपासनीस बाईंनी शांतपणे अटी लिहून दिल्या. विहिरीवर झाकण. मदतीला दुसरी बाई. आणि मुलं बारा, त्याहून जास्त नाहीत. एवढं केलंत तर मान्यता मिळेल, म्हणाल्या.

त्यानंतर मास्तर माझ्याशी बोलेनासे झाले. सकाळी बिल्ला द्यायचे, संध्याकाळी घ्यायचे, मधे एक अक्षर नाही. शाळेत मोठ्या बाईंचंही तेच. दिवसभर माझ्याशी न बोलणारी दोन माणसं, आणि दोघंही एकमेकांचे शत्रू. माझी नोकरी पुढे पक्की झाली, पण तिला आणखी दोन वर्षं लागली.

मास्तरांनी विहिरीवर सागाची चौकट आणि जाळी बसवली, ती सुताराला शिव्या देत. खातूनबींना मदतनीस म्हणून नेमलं. त्या म्हणाल्या, "एवढी वरसं मी काय करत होते?" मुलं मात्र एकवीसच्या एकवीस. बाराचा आकडा त्यांना मान्य नव्हता.

सुकापूरची हिरूबाई बाजारात भाजी विकायची. तिची चार वर्षांची पोर मास्तरांकडे असे. एका दुपारी मी शाळा लवकर सुटली म्हणून आधीच गेले, तर ओटीवर सामसूम. मुलं भिंतीला चिकटून बसलेली, खातूनबी डोळे पुसतायत आणि मास्तर परसदारी जमिनीवर बसलेले, हिरूबाईच्या पोरीला छातीशी धरून. पोर सुटायला धडपडत होती. झालं होतं ते एवढंच की पोरीला विहिरीत कासव आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. ती जाळीवर चढून पोटावर आडवी झाली होती आणि खाली बघत कासवाला हाका मारत होती. मास्तरांनी तिला उचललं तेव्हा जाळी चांगली वीतभर खाली दबलेली होती.

हिरूबाई आली, तिने ऐकलं आणि विहिरीपाशी जाऊन जाळी हाताने दाबून पाहिली. "मास्तर, ती जाली कंदी लावली?"

"पंधरा दिवस झाले," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बिल्ला देताना ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्या दिवशी विहिरीचं बोललात."

"हो."

"बरं केलंत." मग खिळ्यावरचे बिल्ले सारखे करू लागले. "त्या अलिबागच्या बाईंचं विहिरीचं खरं निघालं. मग बाराचंही खरंच असणार. मी रात्रभर मोजून पाहिलं. बारापर्यंत सगळ्यांचे चेहरे एकदम डोळ्यांसमोर येतात. तेराव्यापासून आठवावं लागतं."

नऊ मुलं कमी करायची होती. कुठली, हे त्यांनी दोन दिवसांत ठरवलं आणि यादीत पहिलं नाव शालूचं होतं.

"माझंच?" मला खरंच लागलं. "मी तुमच्यासाठी मोठ्या बाईंशी वाकडं घेतलं, मास्तर."

"म्हणूनच तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय. तुमची मुलगी आता तीन वर्षांची झाली. तिला बालमंदिर घेईल. हिरूच्या पोरीला कोण घेणार? अनवाणी, शेंबडी, आणि आई पहाटे पाचला आणून सोडणार. ज्याला दुसरी लाँच आहे त्याने उतरायचं. बाकीच्यांना पोहता येत नाही."

मी माझा बिल्ला त्यांच्या हातात ठेवला.

शालूचं नाव बालमंदिरात घातलं. दोन वाजल्यानंतर सव्वापाचपर्यंत तिथल्या मदतनीस बाईने तिला जवळ बसवून ठेवायचं, असं मी कुणाला न सांगता त्या बाईशी ठरवलं. तिने नाइलाजाने हो म्हटलं. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत बालमंदिरातून निरोप आला. कुणी एक काळ्या कोटातला माणूस येऊन बसलाय आणि उठायला तयार नाही. मोठ्या बाई तडक निघाल्या. मीही मागून धावले.

मास्तर मुलांच्या रंगीत खुर्चीवर बसले होते. गुडघे हनुवटीशी आलेले, कोटाची बटणं लावलेली.

"हे काय चालवलंय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"तपासणी," मास्तर म्हणाले. "माझा प्रवासी तुमच्याकडे दिलाय. जागा बघायला नको? पाणी चांगलं आहे. विहीर नाही. खुर्च्या फार उत्तम. गाणं मात्र फार लांब आहे, शेवटच्या कडव्याला अर्धी मुलं खिडकीबाहेर बघत होती. आता दोन वाजता काय होतं ते बघायला थांबलोय."

मोठ्या बाईंनी काही बोलण्याआधी दोनचे टोल पडले. शिकवणाऱ्या बाई पिशवी घेऊन गेल्या. आया आल्या, आज्या आल्या, मुलं पांगली. मदतनीस बाईने खिडक्या लावल्या. पायरीवर तीन मुलं उरली, त्यांतली एक शालू. मदतनीस बाई त्यांच्याजवळ उभी राहून सारखी रस्त्याकडे बघत होती.

"ही तिघं रोज राहतात?" मोठ्या बाईंनी विचारलं. त्या समितीच्या सभेला दर महिन्याला येत, पण सभा बाराला होई.

"दोघं रोज राहतात, बाई," ती घाबरत म्हणाली. "यांचे लोक पाच वाजता येतात. मी थांबते. पण माझा धाकटा..."

"हिचा धाकटा माझ्याकडे असतो," मास्तर खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत म्हणाले. "चार नंबर."

मोठ्या बाईंनी मान्यतेच्या चौकटीकडे पाहिलं, मग पायरीवरच्या तिघांकडे. शालू त्यांना म्हणाली, "तुम्ही पण बसा ना." आणि काय वाटलं कोण जाणे, त्या जरीकाठी साडी आवरून खरंच पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही जा वर्गावर. सातवीला माझा तास आहे, तोही तुम्हीच घ्या."

पुढच्या सभेत बालमंदिर सव्वापाचपर्यंत उघडं ठेवायचा ठराव त्यांनीच मांडला, आणि मदतनीस बाईला आपलं मूल सोबत आणायची परवानगी दिली. उरलेल्या मुलांपैकी दोन खातूनबींच्या नणंदेने मोहल्ल्यातल्या घरी ठेवून घेतली. मास्तरांनी तिच्याही घराची विहीर, चूल आणि जिना तपासला आणि जिन्याला फळी ठोकायला लावली. बाकीच्यांच्या जागा मिळेपर्यंत ते रोज दुपारी, मुलांना खातूनबींवर सोपवून, कोट घालून गावात हिंडत. हिरूबाईची पोर शाळेत जाईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. तिचा नंबर एक होता.

त्या ठरावानंतर काही दिवसांनी बाजारात मास्तर समोर आले, तेव्हा मी आणि मोठ्या बाई बरोबर होतो. मोठ्या बाई थांबल्या. "सव्वापाचपर्यंत केलंय आम्ही," त्या म्हणाल्या. आवाजात थोडी ऐट होती, थोडी वाटही पाहणं होतं. "आता तरी मिळाली का आम्हाला तुमची मान्यता?"

मास्तरांनी विचार केला. चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसून पुन्हा लावला.

"तात्पुरती," ते म्हणाले.